नाकारलेले प्यादे

बचाव हा शब्द आपल्याकडे थोडा बदनाम आहे. ‘बचावात्मक पवित्रा घेतला’ असे वर्तमानपत्रात आले की हा गृहस्थ काहीतरी लपवतोय असे आपण धरूनच चालतो. क्रिकेटात दिवसभर खेळपट्टीवर उभा राहून सामना अनिर्णित ठेवणाऱ्याचे आपण तोंडावर कौतुक करतो आणि मनातून कंटाळतो. सरकारी कचेरीत तर बचाव म्हणजे आपल्या टेबलावरची फाईल शेरा मारून पुढच्या टेबलावर सरकवणे. मी वीस वर्षांवर कारकुनी केली आहे, त्यामुळे या शेवटच्या प्रकारातले बारकावे मला कुणी शिकवायला नकोत!

बुद्धिबळात मात्र या शब्दाला मान आहे. काळे मोहरे घेऊन बसणाऱ्याने डाव कसा सुरू करायचा याच्या ज्या ठरलेल्या पद्धती आहेत, त्यांतल्या बहुतेकांच्या नावात ‘डिफेन्स’ म्हणजे बचाव असतोच. फ्रेंच बचाव, सिसिलियन बचाव, आपल्या देशाच्या नावाने ओळखले जाणारे इंडियन बचाव. पांढरा पहिली चाल करतो म्हणून पुढाकार त्याचा. काळ्याने फक्त उत्तर द्यायचे. पण उत्तर कसे द्यावे यावर माणसांनी पाचशे वर्षे डोके खाजवले आहे.

आम्हा गोवेकरांचा या पाचशे वर्षांशी एक लांबचा संबंध लागतो. आल्बुकेर्कने गोवा घेतला १५१० साली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १५१२ साली, पेद्रु दामियांव नावाच्या एका पोर्तुगीज औषधविक्या गृहस्थाचे बुद्धिबळावरचे पुस्तक रोमला छापून आले. बुद्धिबळावरच्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांपैकी ते एक. त्यात त्याने एक बचाव वाईट म्हणून दाखवला: पांढऱ्याने घोड्याने प्याद्यावर मारा केला तर शेजारचे प्यादे एक घर पुढे सरकवून आधार देऊ नका, घोडा काढा. झाले काय, की जगाने त्या वाईट चालीलाच ‘दामियानो बचाव’ असे नाव देऊन टाकले. ज्याने सांगितले की असे करू नका, त्याच्याच नावावर ती चूक पाचशे वर्षे खपते आहे. कचेरीत ज्याने हरकत नोंदवली त्याच्याच नावाने पुढे प्रकरण ओळखले जाते, तसेच हे!

इंडियन बचावांची कथाही गमतीची आहे. १८५० च्या आसपास कलकत्त्यात जॉन कॉक्रन नावाचा एक स्कॉटिश बॅरिस्टर मोहेशचंद्र बॅनर्जी या बंगाली ब्राह्मणाशी डावांमागून डाव खेळत असे. मोहेशचंद्र आपल्या जुन्या देशी पद्धतीत तयार झालेला. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलासुद्धा एकच घर सरके. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्याची उडी मारायची मुभा असे. गावोगावी नियमांत थोडाफार फरक असायचा, पण चाल संथच. त्यामुळे आपला खेळाडू आधी घर नीट लावून घ्यायचा, उंट कोपऱ्याच्या तिरक्या वाटेवर बसवायचा आणि मग समोरच्याकडे बघायचा. युरोपातल्या लोकांना हे सुरुवातीला विचित्र वाटले. नंतर त्यांनीच त्याला ‘इंडियन’ असे नाव दिले.

ही देशी पद्धत मी पुस्तकात वाचण्याआधी पाहिली ती गुजरातेत, माझ्या मावशीच्या यजमानांकडे. त्यांच्याबद्दल आणि त्यांनी मला दाखवलेल्या एका डावाबद्दल आज लिहायचे आहे.

माझी मावशी डिचोलीची. लग्न होऊन बडोद्याला गेली. कागदोपत्री आता वडोदरा असले तरी मराठी माणसाच्या तोंडी ते बडोदेच. सयाजीराव गायकवाडांचे गाव, त्यामुळे दांडियाबाजार भागात अजूनही मराठी कानावर पडते. काकांचे वडील त्याच भागात राहायचे आणि ओट्यावर बसून देशी बुद्धिबळ खेळायचे. काका मोठे झाले, खताच्या कारखान्यात नोकरीला लागले आणि शहर सोडून बाजव्याला राहायला आले. बाजवा म्हणजे बडोद्याहून अहमदाबादकडे निघालात की लागणारे पुढचेच स्टेशन. एका बाजूला खताचा कारखाना, थोडे पुढे कोयलीची रिफायनरी, आणि दिवसभर रुळांवरून मालगाड्या. मेमू गाडीत बसलात तर रणोली, वासद असे करत तुम्ही आणंदला पोचता. “आमची गाडी आनंदातच जाते,” हा काकांचा ठरलेला विनोद. विश्वनाथन आनंद जगज्जेता झाल्यापासून तर त्यांनी तो कधीच सोडला नाही.

२०२४ च्या जानेवारीत मी बाजव्याला गेलो तो मात्र एका कामगिरीवर. मावशी जाऊन तीन वर्षे झाली होती. काका एकोणऐंशी वर्षांचे, घरात एकटे. आदल्या पावसाळ्यात ते मोरीत घसरून पडले. हाड मोडले नाही, पण शेजाऱ्यांनी दार उघडेपर्यंत दीड तास तिथेच पडून होते. माझी मावसबहीण पुण्याला असते. तिने धसकाच घेतला. तिचे म्हणणे साधे होते: घर विकायचे आणि बाबांनी पुण्याला यायचे. लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे, नातवंडे आहेत. घराला गिऱ्हाईकही चालून आले होते, किंमतही चांगली देत होते. बापलेकीत या विषयावर बोलणे झाले की फोन आपटले जायचे. म्हणून तिने मला गळ घातली. “तू सरकारी माणूस आहेस, कागदांतलं तुला कळतं आणि तुझ्यावर ते ओरडत नाहीत. जाऊन समजाव.”

तिची भीती खोटी नव्हती हे मी आधीच सांगून ठेवतो. दीड तास थंड फरशीवर पडलेला बाप कुठल्या मुलीला शांत झोपू देईल?

मडगावहून गुजरातकडे जाणारी गाडी धरली, बडोद्याला उतरलो, मेमूने बाजवा गाठले. उत्तरायण नुकतेच झाले होते. विजेच्या तारांवर फाटके पतंग लटकत होते आणि काकांच्या गच्चीत मांज्याचा गुंता पडला होता. चहा झाला. मी विषय काढणार एवढ्यात काकांनी कपाटातून पट आणि एक जाड वही काढली.

“घर विका म्हणून सांगायला आला आहेस ना? सांग की. पण आधी हा डाव बघ. मग तुझं काय ते बोल.”

वहीत वर्तमानपत्राची पिवळी पडलेली कात्रणे चिकटवलेली होती आणि खाली काकांच्या हातच्या चाली. अक्षर मराठी, मध्येच एखादा शेरा गुजरातीत. डाव होता ११ मे २०१० चा, सोफियातला. जगज्जेतेपदाच्या लढतीचा बारावा आणि शेवटचा डाव, वेसेलिन टोपालोव्ह पांढरा, आनंद काळा.

ज्यांना ती लढत आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोफिया ही बल्गेरियाची राजधानी, म्हणजे टोपालोव्हचे स्वतःचे घर. लढतीच्या तोंडावर आइसलँडमधला ज्वालामुखी फुटला आणि युरोपातली विमाने जमिनीवर बसली. आनंद फ्रँकफर्टला अडकला. शेवटी ऑस्ट्रिया, हंगेरी, रुमानिया असा सुमारे चाळीस तासांचा प्रवास मोटारीने करून तो सोफियाला पोचला. तीन दिवसांची मुदतवाढ मागितली होती, मिळाली एका दिवसाची. पहिलाच डाव तो हरला. दुसरा आणि चौथा जिंकला, आठवा पुन्हा हरला. अकरा डाव झाले तेव्हा दोघांचे साडेपाच-साडेपाच गुण. शेवटच्या डावात पांढरे मोहरे टोपालोव्हकडे. हाही डाव बरोबरीत सुटला असता तर निकाल लावायला जलद डाव होणार होते. जलद डावांत आनंदचा हात धरणारा विरळा, २००३ साली त्याने जलद बुद्धिबळाची जागतिक स्पर्धाच जिंकलेली. म्हणजे टोपालोव्हला काय ते इथेच करायचे होते.

“लक्षात ठेव,” काका म्हणाले, “ज्याला घाई आहे तो पांढरा आहे.”

पटावरच्या उभ्या रांगांना ए ते एच आणि आडव्या रांगांना १ ते ८ अशी नावे असतात, एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे कळायला अडचण नाही. पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे काढले, काळ्याने तसेच केले. मग पांढऱ्याने सी४ वर दुसरे प्यादे आणून ठेवले. हे प्यादे काळ्याला फुकट घेता येते. यालाच ‘क्वीन्स गॅम्बिट’ म्हणतात, वजिराच्या बाजूचे प्यादे देऊ करणे. देणगी अर्थातच साधी नाही. तुम्ही ते प्यादे घ्यायला गेलात की पटाचा मधला भाग पांढऱ्याच्या हाती जातो.

काळ्याने ते घेतले नाही. ई६ वर प्यादे टेकवून आपले मधले प्यादे भक्कम केले. ‘क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड’, म्हणजे देणगी नाकारली. बुद्धिबळातल्या जुन्या, अभिजात बचावांपैकी हा एक. १९२७ साली ब्यूनस आयर्समध्ये कापाब्लांका आणि अलेखाइन जगज्जेतेपदासाठी खेळले, त्या लढतीतल्या ३४ डावांपैकी ३२ डाव याच नकाराने सुरू झाले होते! प्रेक्षकांचे काय हाल झाले असतील ते असो.

या बचावाची एक किंमत मात्र मोजावी लागते. ई६ वर प्यादे आले की सी८ वरच्या उंटाची वाट बंद होते. घर मजबूत होते, पण एक माणूस खोलीत कोंडला जातो. शंभर-सव्वाशे वर्षे या बचावाचा अभ्यास करणाऱ्यांची मुख्य काळजी हीच राहिली आहे, की या उंटाचे करायचे काय.

“आज आपण फक्त या उंटाकडे बघायचं,” काका म्हणाले आणि त्यांनी त्या काळ्या उंटाला बोटाने हलकेच टोचले.

सातव्या चालीला आनंदने घोडा ई४ वर नेला. ही पद्धत इमॅन्युएल लास्करची. हा जर्मन ज्यू गणिती १८९४ ते १९२१ अशी सत्तावीस वर्षे जगज्जेता होता, आणि पुढे १९३३ मध्ये त्याला देश सोडावा लागला. त्याचा विचार अगदी व्यवहारी आहे. आपल्याला जागा कमी आहे ना? मग मोहऱ्यांची अदलाबदल करा. लहान घरात सामान कमी असले की वावरता येते. आनंदने तेच केले. उंटाला उंट, घोड्याला घोडा, पुन्हा घोड्याच्या बदल्यात उंट. अठराव्या चालीपर्यंत तीन जोड्या पटावरून गेल्या. त्यात गंमत अशी की काहीच गमावलेले नव्हते. दिले तेवढे घेतले होते आणि डोक्यावरचा भार तेवढा उतरला होता.

तो कोंडलेला उंट पहिल्यांदा हलला तो १९ व्या चालीला. बी७ वर आला. मग ए६ वर. तिथून डी३ वर डोकावून परत ए६ वर. टोपालोव्हने इथे डाव संथ ठेवला असता तर तो बरोबरीकडेच झुकला असता. पण त्याला बरोबरी नको होती. २६ व्या चालीला त्याने हत्ती ए३ वर नेला, वजिराच्या बाजूची काळ्याची सुटी प्यादी टिपायला. उंट पुन्हा बी७ वर. पांढऱ्याचा घोडा त्याच्यावर चालून आला तसा तो २८ व्या चालीला थेट ए८ वर गेला. पटाचा अगदी कोपरा.

“आता हा निवृत्त झाला,” मी म्हणालो.

काका हसले नाहीत. “तुझ्या मावशीनं पण तेव्हा हेच म्हटलं होतं. मे महिना, बेचाळीस डिग्री, आणि मी पंख्याखाली पट मांडून बसलेला. म्हणाली, तुमच्या आनंदनं हत्यार खाली ठेवलं. मी म्हटलं, बघ.”

ए८ चा कोपरा म्हणजे पटावरच्या सर्वांत लांब तिरक्या वाटेचे एक टोक. दुसरे टोक एच१, आणि त्याच्या लगत जी२ वर पांढरा राजा बसलेला. मध्ये एफ३ वर पांढरे प्यादे. एवढाच आडोसा. आनंदने प्यादे ई५ वर आणले, पांढऱ्याने ई४ वर आपले प्यादे आणून वाट बुजवली, काळ्याने लगेच एफ५ वर प्यादे आणून तिला धक्का दिला. टोपालोव्हने ३१ व्या चालीला ते एफ५ वरचे प्यादे घेतले. आणि आनंदने ई प्यादे एक घर पुढे, ई४ वर ठेवले. फुकटचे. घ्या.

काकांनी तिथे हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिले.

दुसऱ्या चालीला पांढऱ्याने देऊ केलेले प्यादे काळ्याने नाकारले होते. एकतिसाव्या चालीला काळा प्यादे देऊ करत होता. आणि टोपालोव्हने ते घेतले! जाणकार सांगतात की ते घेतले नसते तर डाव अजून लढवण्यासारखा होता. पण घेताना एफ३ वरचा आडोसा उठला. काळ्या वजिराने ई४ वर येऊन शह दिला. राजाला एच३ वर, उघड्या रानात यावे लागले. सगळे जग आता वजिराने झडप घालण्याची वाट बघत असताना आनंदने ३४ व्या चालीला वजीर मागे नेला, स्वतःच्या घरात ई८ वर. हल्ल्याच्या ऐन भरात घरी परतणारी ही चाल काकांनी वहीत लाल शाईने लिहिली होती. वजीर वाटेतून बाजूला होताच कोपऱ्यातल्या उंटासमोरची तिरकी वाट पूर्ण मोकळी झाली आणि पांढऱ्या राजाच्या परतीच्या घरांवर त्याची नजर बसली.

पुढची दहा-बारा चाली राजा पळत राहिला. ४५ व्या चालीला काळ्या हत्तीने जी२ वर शह दिला. पांढऱ्या वजिराला स्वतःला देऊन तो हत्ती घ्यावा लागला. आणि त्या वजिराला जी२ वर मारले कोणी? तर ए८ च्या उंटाने. २८ व्या चालीपासून जागचा न हललेला हा उंट पटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला आणि वजीर उचलून घेतला. पुढच्याच चालीला राजाने त्याला मारले, पण त्याचे काम झाले होते. ५६ व्या चालीला टोपालोव्हने डाव सोडला. साडेसहा-साडेपाच. आनंद जगज्जेता राहिला. तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता.

मी गप्प बसलो होतो. एवढे झाल्यावर ‘घर विका’ कसे म्हणायचे? पण काका लबाड नव्हते. वकिली जिंकल्याचा आव त्यांनी आणला नाही. वहीची मागची पाने उलटून त्यांनी मला पहिला आणि आठवा डाव दाखवला.

“हे दोन्ही पण त्यानं काळ्यानंच खेळलेत. दोन्ही हरला. पहिल्यात चालींचा क्रम चुकला, आठव्यात बरोबरीचा डाव थकून घालवला. बचाव म्हणजे काय ताईत नाही, बांधला की झालं. तू तिला जाऊन सांगशील की बाबा हट्टी आहेत. सांग. पण मला दोन दिवस दे.”

दोन दिवस मी बाजव्यात हिंडलो. स्टेशनजवळ चहा प्यायलो, बडोद्याला जाऊन सूरसागर तलाव पाहून आलो. संध्याकाळी काका माझ्याशी देशी नियमांनी खेळायचे आणि मला हरवायचे. राजाची घोड्याची उडी मी दर वेळी विसरत असे. काकांना गुजरातचा पहिला ग्रँडमास्टर तेजस बाकरे याचा फार अभिमान. “आडनाव बघ!” म्हणायचे. मी गोव्याच्या भक्ती कुलकर्णीचे नाव पुढे करायचो. आशियाई विजेती, २०२२ च्या चेन्नईच्या ऑलिंपियाडमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघातली. मग आम्ही दोघे आपापल्या प्रांतांच्या बाजूने बराच वेळ वाद घालत बसायचो. घराचा विषय दोघांनीही काढला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कॅलेंडरचे एक जुने पान माझ्यापुढे ठेवले. पाठीमागे यादी होती.

स्कूटर आजपासून बंद, ती देऊन टाकायची. वरचा मजला कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुण जोडप्याला भाड्याने द्यायचा, म्हणजे रात्री घरात माणूस राहील. मोरीत दांडे बसवायचे, खडबडीत लाद्या घालायच्या, आतली कडी काढून टाकायची. बँकेच्या खात्यावर मुलीचे नाव जोडायचे. सकाळी सात आणि रात्री नऊ असे दोन फोन, चुकले तर शेजाऱ्यांनी दार ठोठवायचे. किल्लीची एक प्रत त्यांच्याकडे. पावसाळ्याचे चार महिने पुण्याला. आणि शेवटी एक ओळ, खाली रेघ मारलेली: घर विकायचे नाही.

मी यादी दोनदा वाचली. कचेरीत प्रस्ताव वाचून ‘मुद्देनिहाय अभिप्राय’ लिहायची मला सवय आहे. या कागदावर मला एकही मुद्दा खोडता येईना. मुलीच्या मनातली प्रत्येक भीती त्यांनी एकेक करून पटावरून उतरवली होती, आणि बदल्यात दर वेळी स्वतःचे काहीतरी दिले होते. आतली कडी काढायची म्हणजे एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने आपला आडपडदा देऊन टाकण्यासारखेच होते. स्कूटर देणे तर सर्वांत जड गेले असणार. मावशीला मागे बसवून त्यांनी तीस वर्षे त्या स्कूटरवर बडोदे पालथे घातले होते.

“पावसाळा पुण्यात काढाल?” मी विचारले. चार महिने म्हणजे थोडे नव्हेत.

“पडलो पावसाळ्यातच ना? तिचं तेवढं बरोबर आहे.”

मी ती यादी घेऊन पुण्यामार्गे परतलो. मावसबहिणीने कागद वाचला, आधी चिडली, मग हसली, मग डोळे पुसले. गिऱ्हाइकाला तिने स्वतःच नाही म्हणून कळवले. फोन सात आणि नऊचे नकोत, आठ आणि साडेनऊचे करा, एवढी एकच दुरुस्ती सुचवली. काकांनी ती मान्य केली. २०२४ आणि २०२५ असे दोन पावसाळे त्यांनी पुण्यात काढले आणि नवरात्राच्या आधी बाजव्याला परतले. पुढे काय होईल ते कुणी सांगावे? उद्या गुडघे साथ देईनासे झाले तर घर सोडावेही लागेल. काकांना ते माझ्यापेक्षा जास्त कळते. त्यांनी कायमचे काही जिंकलेले नाही. डाव अजून चालू आहे, एवढेच.

२०२५ च्या नोव्हेंबरात बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाला. २०६ खेळाडू जगभरातून आपल्या गोव्यात उतरले. चषकाला नाव विश्वनाथन आनंदचे, आणि तो जिंकला उझबेकिस्तानच्या जावोखिर सिंदारोव्ह या एकोणीस वर्षांच्या पोराने. त्या दिवसांत आमच्याकडे बसमध्ये, फेरीबोटीत, कचेरीच्या कँटीनमध्ये बुद्धिबळाच्या गोष्टी चालायच्या. गोव्याचा पहिला ग्रँडमास्टर अनुराग म्हामल, चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेला लिऑन मेंडोन्सा, ही नावे एरवी खेळाच्या पानापुरती असतात, ती तेव्हा घराघरांत ऐकू आली. काकांचा रोज फोन. “तुझ्या गोव्यात आज कुणी क्वीन्स गॅम्बिट नाकारला का?” मी मोबाईलवर शोधून सांगायचो. बहुतेक दिवशी कुणी ना कुणी नाकारलेला असायचाच.

वाचकहो, घरात पट असेल तर सोफियाचा हा डाव एकदा मांडून बघा. चाली इंटरनेटवर सहज मिळतात. ३१ व्या चालीपर्यंत या, पट फिरवून पांढऱ्याच्या बाजूने बसा आणि ई४ वरचे ते प्यादे घ्यायचे की नाही ते स्वतः ठरवा. पुढे काय होते ते मला तोंडपाठ आहे. तरीसुद्धा तिथे पोचलो की माझा हात दर वेळी त्या प्याद्याकडेच जातो.